चाळीस घरं, साठ निशाण्या

मुक्काम उमरावती
आश्विन शुद्ध द्वितीया, शके १७८६

तीर्थस्वरूप दादांच्या पायी सूर्यभानचं डोकं. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण वाचून झाल्यावर फाडा. धाकट्या भावाचं एवढं ऐकायला हरकत नाही.

आधी कामाचं लिहितो. सुभद्राला सातवा लागला आहे. तुमची एकुलती एक लेक बडनेऱ्याला सासरी बसून बोरगावच्या गाडीची वाट पाहते आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आठवा लागला की बाईला गाडीत बसवत नाहीत, तेही तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे तुमच्या हाती हा आश्विन तेवढा उरला. तो रागात घालवायचा की रस्त्यावर, ते तुम्ही ठरवा.

व्याही असले तरी नत्थुजीच्या दारात पाय ठेवणार नाही, असं तुम्ही म्हणाल. फाल्गुनात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण तुम्ही ते एका तऱ्हेने सांगता, तुमचे व्याही दुसऱ्या तऱ्हेने समजतात, आणि दोघांच्या गाठी ज्याने अडतीत उतरवून घेतल्या त्या मला कोणीच विचारत नाही.

तुमच्या गाठींवर गेरूचं स्वस्तिक, मधोमध. नत्थुजींच्या गाठींवरही गेरूचं स्वस्तिक, मधोमध. दोघांच्या गाड्या एकाच दिवशी आल्या, हमालांनी एकाच थप्पीत रचल्या. तुमचा कापूस म्हणजे वच्छलावहिनींनी पुढे बसून, सुक्या पानांच्या पत्तीचा कण न कण काढून घेतलेला. नत्थुजींचा कापूस झाडावरून जसा आला तसा. खरेदीदाराच्या माणसाने तुमची म्हणून गाठ फोडली, मूठभर कापूस ओढला आणि हातात कचरा आला. 'खुशालरावच्या कापसातबी आता पत्ती निघाली,' असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. तुमचा तेव्हाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मग आपल्या चांगल्या गाठी नत्थुजींनी उचलल्या असं धरून तुम्ही भर बाजारात त्यांना गाठचोर म्हणालात. त्यांनी बैल जुंपले आणि ते निघून गेले. तेव्हापासून बडनेरा आणि बोरगाव यांच्यामधला रस्ता तुम्हा दोघांपुरता मोडला.

पण मी लिहायला बसलो ते भांडण उगाळायला नाही. मला तुमच्या लेकीचं कौतुक सांगायचं आहे आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे.

परवा तिला भेटायला गेलो. मनाशी म्हणत होतो, पोर रडत बसली असेल, काय सांगून समजूत घालायची. जाऊन बघतो तर अंगणात सारवलेल्या जागी तुरीच्या काड्या मांडून बाई ऐसपैस बसलेली. पोट गुडघ्यांना टेकलंय, आणि तोंडाने पाढे चाललेत.

"काय करून राहिली वं?" मी विचारलं.

"निशान्या मोजून राहिली, काका. तुमच्या अडतीत गाठी आननारे घरं किती हायेत?"

मी म्हटलं, चाळीस तरी असतील. आधी आठ-दहाच होती, तेव्हा गाठ कोणाची ते गाडीवानाच्या तोंडावरून ओळखायचो. आता तिकडे अमेरिकेत लढाई लागली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साऱ्या दुनियेची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. ज्याच्या घरी दोन बैल आहेत तो गाठ बांधून उमरावतीला येतो.

"न निशान्या किती?"

मी बोटांवर मोजलं. स्वस्तिक, त्रिशूळ, चांद, कमळ आणि मारुतीची गदा. झालं. शुभ असेल तेच माणूस उमटवतो, तेही गेरूने आणि मधोमध, जसं कपाळावर कुंकू. "पाच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू आता मला काहीतरी उमगायला हवं. मला उमगलं नाही. ती हसली आणि पुन्हा काड्या मांडू लागली.

तुमच्याबद्दल तिने एकच गोष्ट विचारली, बाबाचे गुडघे दुखतात का अजून. गाडीबद्दल विचारलं नाही. मला ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

सूर्यभान


मुक्काम उमरावती
आश्विन शुद्ध द्वादशी

दादांस नमस्कार. सोबत आपट्याची पानं पाठवतो आहे. वाळून कुरकुरीत होतील, तरी सोनं ते सोनं.

उत्तर आलं नाही, पण पत्र आणून देणारा गाडीवाला म्हणाला की तुम्ही ते उभ्याउभ्या वाचलंत आणि मग बसून परत वाचलंत. एवढ्यावर मी खूश आहे.

दसऱ्याला मी बडनेऱ्यालाच होतो. नत्थुजींनी अवजारं मांडली, पाभर, कुऱ्हाड, विळे, आणि शेवटी गाठीवर उमटवायचा लाकडी ठसा. त्याला हळद वाहताना त्यांचा हात थांबला. त्या स्वस्तिकापायीच त्यांना चोर व्हावं लागलं होतं. सुभद्राचा नवरा देवीदास खाली बघत राहिला. तेव्हा सुभद्रा पदर सावरून पुढे झाली आणि म्हणाली, "मामाजी, याच ठश्याच्या बारा निशान्या होतात. ठसा बदलाची गरज नाई."

नत्थुजी बोलायला कंजूस माणूस. पण सुनेचं ऐकून घेतात, हे त्यांचं मला फार आवडतं. "कशा?" एवढंच म्हणाले.

तिने सांगितलं ते असं. कोणी आपला देव सोडायचा नाही. स्वस्तिकवाल्याने स्वस्तिकच ठेवायचं, चांदवाल्याने चांद. फक्त एकट्या गेरूच्या जागी तीन रंग घ्यायचे, गेरू, नीळ आणि जवसाच्या तेलात खललेलं काजळ, म्हणजे पाण्याने जाणार नाही. आणि निशाणी मधोमध न मारता गाठीच्या चारांपैकी एका कोपऱ्यात मारायची. "पाची देवांच्या मिळून चाळीस घरांले पुरून उरतात," ती म्हणाली.

नत्थुजींनी मान हलवली. "पाच निशान्या, तीन रंग, चार कोपरे," ते बोटांवर म्हणू लागले. "पाच न तीन आठ, न चार बारा. बारा झाल्या साऱ्या मिळून. बारा निशान्यांत चाळीस घरं कसे बसतीन, सूनबाई?"

खरं सांगतो, मीसुद्धा मनात बाराच केले होते.

"बेरीज केली तं बाराच," सुभद्रा म्हणाली. "पन मामाजी, निशानी, रंग न कोपरा हे वेगवेगळे राह्यतात का? तिघंबी एकाच गाठीवर सोबत येतात ना." मग तिने पाच काड्या ओळीने लावल्या. प्रत्येक काडीखाली तीन दाणे ठेवले, एक ज्वारीचा, एक तुरीचा, एक उडदाचा, की हे तीन रंग. "स्वस्तिक तीन रंगांत, त्रिशूळ तीन रंगांत, असे पाची."

"पाच त्रिक पंधरा," नत्थुजी म्हणाले.

"हाव. आता या पंधरातला एकेक जन चारी कोपऱ्यांत जाऊन बसू शकते. ज्वारीच्या दाण्याचं स्वस्तिक वरती डाव्या हाताले, वरती उजव्या हाताले, खालती डाव्या, खालती उजव्या. एकाच दाण्याच्या चार झाल्या. तशा पंधराच्या पंधरा."

नत्थुजींनी पाची काड्यांखालच्या दाण्यांवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात, पंतोजीपुढे म्हणावं तसं म्हणाले, "पंधरा चोक साठ."

दादा, त्या क्षणी तिच्या तोंडावर जो आनंद होता तो तुम्ही बघायला हवा होता. नणंदा-जावांनी नवं लुगडं बघून करावा तसा. साठ निशाण्या तिने कुठून आणल्या नव्हत्या, त्या तिथेच होत्या. आपण साऱ्यांनी पाचांवरच डोळे लावून ठेवले होते.

मी तिला विचारलं, पोरी, हे तुला शिकवलं कोणी? ती म्हणाली, "बाबानं. पोळ्याले." आणि मला एकदम आठवलं. ती सात-आठ वर्षांची असेल. तुमच्याकडे झुली तीन होत्या आणि गोंड्यांचे जोड दोन. तुम्ही तिला विचारलं, आपल्या खंड्याला किती तऱ्हांनी सजवता येईल. ती पाच म्हणाली. तुम्ही हसला नाहीत, पाठ फिरवली नाहीत. भर दुपारी खंड्याला अंगणात उभा करून एकेक झूल घातली, आणि प्रत्येक झुलीवर दोन्ही गोंडे बांधून दाखवले. वहिनी आतून ओरडत होत्या की बैल भुकेला आहे आणि मिरवायला उशीर होतो आहे. खंड्याने शेवटी तुमच्या पायावर पाय दिला. सहाव्या तऱ्हेला पोरीने टाळ्या पिटल्या. मला वाटायचं तुम्ही पोरीचे लाड करत होतात. तुम्ही तिला केवढं देऊन ठेवलंत हे मला परवा कळलं.

एक खोडी मी काढलीच. हमालांना मी ओळखतो, म्हणून म्हटलं, "सुभे, हमालानं गाठ उलटी ठेवली तं? वरचा डावा कोपरा खालचा उजवा होऊन जाईन. त्रिशूळ उलटा हाये का सुलटा, हे घाईत कोन पाह्यते, न स्वस्तिक तं उलटं केलं तरी सारखंच. कमळाचंबी तसंच, तुमी ते वरून पाह्यल्यासारखं गोल काढता."

ती विचारात पडली. उलटसुलट कळलंच नाही तर चार कोपऱ्यांचे दोनच धरावे लागणार, आणि पाच त्रिक पंधरा, पंधरा दुणे तीस. तीस निशाण्यांत चाळीस घरं बसत नाहीत. नत्थुजींचंही तोंड उतरलं. मला वाटलं, उगाच बोललो.

सुभद्रा उठली, पोट सांभाळत कोठीपर्यंत गेली आणि गेल्या सालची एक रिकामी गाठ ओढत घेऊन आली. तिने तिचं तोंड आमच्यापुढे केलं. सुतळीची शिवण अजून एका बाजूला लोंबत असलेलं तोंड. "गाठीले तोंड असते ना, काका," ती म्हणाली. "शिवलेलं तोंड म्हंजे वरती. हमालानं पालथी ठेवली, उताणी ठेवली, तिचं तोंड थोडंच पायाले जाते. आधी तोंड पाहा, मंग कोपरा पाहा."

मी हात जोडले. गाठी मांडण्यात माझे केस पांढरे झाले, पण गाठीला तोंड असतं हे मला कधी सुचलं नव्हतं. नत्थुजी पहिल्यांदा हसले. बडनेऱ्याच्या घरात फाल्गुनानंतर कोणी हसलं असेल तर ते तेव्हा.

आठवा जवळ येतो आहे, दादा. मी पुन्हा लिहिणार नाही म्हणत नाही, पुन्हा पुन्हा लिहीन.

सूर्यभान


मुक्काम उमरावती
आश्विन वद्य चतुर्थी

दादांस नमस्कार. हे पत्र तुम्हाला नीट बसून वाचायचं आहे. सोबत कापडात गुंडाळलेली एक वस्तू आहे, ती आधी उघडू नका.

इथे कापडावर ठशांची छपाई करणारा ताहेर म्हणून आपला एक जुना माणूस आहे. सुभद्राने त्याच्याकडून एक पांढरा धडपा छापून घेतला. त्यावर साठ चौकोन, चौकोन म्हणजे गाठ, वरच्या बाजूला शिवणीची रेघ, आणि प्रत्येकात एकेक निशाणी. ताहेरने पैसे घ्यायचं नाकारलं. मला म्हणाला, "सूर्यभानभाऊ, लकडी मेरी, रंग मेरा, मगर अकल तो बेटी की है. मेरा चांद भी बारा जगह चमक रहा, और क्या चाहिए."

धडपा बडनेऱ्याला नेला. नत्थुजींनी तो जमिनीवर पसरला आणि बोट ठेवून एकेक निशाणी बघत गेले. दोन सारख्या सापडतात का हे त्यांना स्वतः बघायचं होतं. सापडल्या नाहीत. त्यांचं बोट शेवटच्या चौकोनावर आलं तेव्हा सुभद्रा बोलली. मी तिथे बसलो होतो. जसं बोलली तसंच लिहितो.

"मामाजी, आता गेल्या सालचं मोजा. निशान्या किती?"

"पाच."

"रंग?"

"एकच. गेरू."

"जागा?"

"एकच. मधात."

"मंग?"

"पाच एके पाच, पाच एके पाच," ते म्हणाले, आणि थांबले.

"पाच निशान्या न चाळीस घरं," सुभद्रा म्हणाली. "कोनाच्या ना कोनाच्या गाठी मिसळनारच होत्या. तुमच्या न बाबाच्या मिसळल्या. मामाजी, तुमी चोर नाई. बाबाबी खोटं बोलनारा मानूस नाई. चोर कोनीच नोयता. निशान्या कमी होत्या."

दादा, मी जन्मात पुष्कळ न्यायनिवाडे ऐकले. पाटलांचे ऐकले, साहेबांचे ऐकले. कोणालाच दोषी न धरता दोघांनाही सोडवणारा निवाडा मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो आपल्या घरच्या पोरीने दिला. मला तिचा अभिमान वाटला आणि भडभडून आलं. दोन्ही एकदमच.

नत्थुजी उठून बाहेर गेले. गोठ्यात बैलाजवळ उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत आले आणि धडपा घडी करून खांद्यावर टाकला. "बाजारात चाला," मला म्हणाले.

फाल्गुनापासून ते अडतीत आले नव्हते. ज्या आवारात चोर म्हणवून घेतलं त्याच आवारात त्यांनी स्वतःच्या हाताने धडपा खुंट्यांवर टांगला. आमच्या अडतीच्या सेठने लोक जमवले. सुनेने सांगितलेलं सारं नत्थुजींनी त्यांच्या तुटक बोलण्यात सांगितलं, आणि तीनदा सांगितलं की हे सूनबाईचं आहे, माझं नाही. लोकांना पटलं. पण घ्यायची वेळ आली तेव्हा जो तो गेरूवर बोट ठेवू लागला. निळीला कसेबसे तयार झाले. काजळाचं नाव काढताच सगळे मागे सरले, की काळं कोण लावतं लक्ष्मीला. गेरूच्या तर वीसच निशाण्या. काजळ सोडलं तर मिळून चाळीस, म्हणजे काठावर, आणि उद्या एकही घर वाढलं तर पुन्हा तेच. बरं, गेरूच्या एकेका निशाणीवर दोघं-दोघं हटून बसले ते वेगळंच. भांडण जुंपणार असं दिसू लागलं.

तेव्हा नत्थुजी म्हणाले, "माही निशानी काजळाची. स्वस्तिक, तोंडाच्या डाव्या हाताले."

"पाटील, तुमी काळं घेता? काहून?" सेठने विचारलं.

"लेकराले तीट लावता तवा काळंच लावता ना. लेकराले चालते न गाठीले नाई चालत?"

सगळे हसले, आणि मग एकेक जण काजळाकडे वळला. एका माणसाने लाज सोडली की बाकीच्यांना सोपं जातं. सांजेपर्यंत बहुतेक घरांना धडप्यावरचा एकेक चौकोन मिळाला.

आता ऐका. वरच्या ओळीत गेरूचं स्वस्तिक होतं, तोंडाच्या उजव्या हाताला, साठांतलं सगळ्यात देखणं. पाच-सहा जणांनी ते मागितलं. नत्थुजींनी प्रत्येक वेळी त्यावर तळहात ठेवला. "हे खुशालरावची हाये," ते म्हणाले. त्याच आवारात, त्याच लोकांपुढे.

मी सुभद्राला हे जाऊन सांगितलं. इतके महिने जी पोर माझ्यापुढे रडली नाही ती तेव्हा रडली.

निघताना मी नत्थुजींना विचारलं, दादांना काय निरोप देऊ. म्हणाले, "निरोप काय द्याचा. ठसा द्या." तो कापडात आहे. शिसवीचा आहे, ताहेरने कोरला. रंग आणि कोपरा वर लिहिलाच आहे.

आश्विन संपत आला, दादा. यापुढे माझ्याकडे लिहायला काही नाही. जे करायचं ते तुमच्याकडे आहे.

सूर्यभान


मुक्काम उमरावती
कार्तिक शुद्ध पंचमी

दादांच्या पायी नमस्कार, वहिनींच्या पायी नमस्कार, आणि तुमच्या घरात पाय लांब करून बसलेल्या माझ्या पुतणीला आशीर्वाद.

तुमचीच गोष्ट तुम्हाला लिहून कळवतो आहे, हसू नका. तुम्ही बडनेऱ्याला आलात तेव्हा मी अडतीत होतो, आणि तुम्ही असे की भावाला न भेटता लेकीला घेऊन परस्पर गेलात. आठवा गाठायच्या आत बोरगाव गाठायचं होतं, म्हणून माफ केलं. पण नत्थुजी ती गोष्ट इथे ज्याला त्याला सांगतात. बोलायला कंजूस माणूस या एका गोष्टीत उधळा झाला आहे. त्यात किती त्यांनी भर घातली ते तुम्ही ठरवा.

ते म्हणतात, दुपारची वेळ होती. तुमची गाडी दारात थांबली. गाडीत लेकीसाठी गादी आणि पुढे एकच गाठ, वेचणीआधीची सीतादह्याची पूजा करून वेचलेल्या पहिल्या कापसाची. ते ओसरीवरून उठले आणि "या" म्हणाले. तुम्ही गाडीवरून उतरलात, दोर सोडलात आणि गाठ फिरवून तिचं तोंड त्यांच्यासमोर केलंत. काजळाचं स्वस्तिक. तोंडाच्या डाव्या हाताला.

त्यांना वाटलं, माझ्या पत्रात चूक झाली असेल. "इवाई, चुकलं वाट्टे," ते म्हणाले. "हे तं माही. तुमची लाल हाये, उजव्या हाताले."

"चुकलं ते फागुनात," तुम्ही म्हणालात. "हे समजून केलं. साऱ्या बाजारात मी तुमाले चोर म्हनलं, न तुमी त्याच बाजारात माह्यासाठी लाल राखून ठेवली. मंग म्या ते लाल मिरवत फिरू का? जे तुमची ते माही."

"आता गाठी मिसळल्या तं?"

"मिसळू द्या."

दादा, हे दोन शब्द ते रोज सांगतात, आणि प्रत्येक वेळी दोनदा सांगतात. मी तुमचा भाऊ आहे, तुमचा हट्ट मी लहानपणापासून सोसला आहे. पण माझ्या भावासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे आज लिहून ठेवतो. ज्याने पत्तीच्या एका कणापायी व्याह्याशी बोलणं टाकलं, त्याने आपला निवडलेला कापूस आणि आपलं नाव उचलून व्याह्याच्या थप्पीत टाकलं.

मग म्हणे नत्थुजी म्हणाले, "माह्या कापसात पत्ती असते, इवाई. तुमाले मालूम हाये." आणि तुम्ही म्हणालात, "मंग जरा येचून आना. आता माह्या नावाचा सवाल हाये." हे तर तुम्ही नक्कीच म्हणाला असाल, ते मी डोळे मिटून मानतो. सध्या नत्थुजींच्या खळ्यात बायका ओळीने बसून कापूस निवडतात आणि हे स्वतः त्यांच्या मागे उभे राहतात.

सुभद्रा दारात उभी राहून ऐकत होती. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "साठ निशान्या काढून देल्या, बाप्पा," ती म्हणाली, "न तुमी दोघं पुन्हा एकाच निशानीवर." हसताना ती डोळे पुसत होती, असं नत्थुजी सांगतात आणि स्वतःचे पुसतात.

इथलं सारं ठीक आहे. या हंगामात अजून एकही गाठ हरवली नाही. हमालसुद्धा आधी तोंड बघतात, मग कोपरा. सुभद्राला सांगा, घरं वाढली तर काय, असं सेठ विचारत होता, आणि मी तिचंच उत्तर ठोकून दिलं, एक रंग वाढवा, वीस निशाण्या वाढतील. सेठला वाटतं मी फार हुशार आहे. त्याचा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

एवढं सांगून संपवतो. काल अंजनगाव सुर्जीकडचं एक नवं घर गाठी घेऊन आलं. त्यांनी धडपा पाहिला आणि नेमकं ते गेरूचं स्वस्तिक मागितलं, उजव्या हाताचं. तुम्ही काळी घेतल्यामुळे ते मोकळंच होतं. सेठ द्यायला निघाला होता. नत्थुजी बाजूलाच होते. त्यांनी पुढे होऊन त्यावर तळहात ठेवला.

"ते दिली हाये," ते म्हणाले.

"कोनाले? खुशालरावनं तं घेतली नाई."

"यायचं हाये अजून."

तेव्हा दादा, आलं की लगेच कळवा. मुलगा असो की मुलगी, निशाणी तीच. अडतीत आम्ही सगळे वाट बघतो आहोत.

तुमचा
सूर्यभान